नट आणि विनोदी लेखक, दोन्ही व्हायचंय: पुण्यात राहून कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, कॉलेजात असताना दोन वर्षं पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत काम केलेलं, गॅदरिंगची स्किट्स स्वतः लिहिलेली. आता हिंजवडीत नोकरी, राहायला कोथरूड. अभिनयही करायचाय आणि विनोदी लेखनही. दोन दगडांवर पाय ठेवला तर पडायला होईल का, मुंबईला जावंच लागेल का, आणि पैसे कधी दिसायला लागतील?

दोन्ही करता येतं, आणि मराठीत ही जोडी काही नवी नाही. समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर टीव्हीवर लिहीतही आलेत आणि कामही करत आलेत. पुण्यातच सतीश आळेकरांनी बी. जे. मेडिकलमधली नोकरी सांभाळून नाटकं लिहिली, बसवली, पुढे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवलं आणि सिनेमांत नट म्हणूनही दिसले. पण या दोन कामांचे स्वभाव वेगळे आहेत. अभिनय दुसऱ्यानं बोलावल्याशिवाय होत नाही. तारीख त्याची, जागा त्याची, भूमिका त्यानं ठरवलेली. लेखनाला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक लेखनाभोवती बांधायचं आणि त्यात अभिनयासाठी फट ठेवायची. बहुतेक जण उलटं करतात. ऑडिशनच्या फोनची वाट बघत दिवस काढतात आणि फोन नाही आला की उरलेल्या वेळात, मूड लागला तर लिहितात. दोन वर्षांनी हातात ना भूमिका असते ना संहिता.

नोकरी करणाऱ्यानं पाच दिवस सकाळी दीड तास लिहावं. रात्री नको. हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत विनोद करण्याइतकं डोकं शिल्लक राहत नाही. एक संध्याकाळ वाचनाची, म्हणजे आठवड्यात जे लिहिलं ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची. एक संध्याकाळ स्टेजची. शनिवार-रविवार तालीम, शूटिंग, ऑडिशन यांना मोकळा. एवढं सहा महिने सांभाळलं तर साधारण वीसेक स्किट्सचे पहिले खर्डे होतात. त्यातली चार-पाच कोणाला दाखवण्यासारखी असतात. हे प्रमाण वाईट नाही, विनोदात ते तसंच असतं.

आता लेखनाकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे.

स्टेजवरच्या पाच मिनिटांच्या स्किटला संवादाचे ५०० ते ६०० शब्द पुरतात. नुसतं वाचलं तर ते चार-साडेचार मिनिटांत संपेल, पण हशा, एंट्री, वस्तू उचलणं, बघणं यात उरलेला वेळ जातो. हजार शब्द लिहून आणले की नट धावायला लागतात आणि हशावर वाक्यं पडतात. पात्रं तीन, फार तर चार. जागा एकच. पहिल्या पंधरा सेकंदांत कोण, कुठे आणि कोणाला काय हवंय हे कळलं पाहिजे. पहिला हशा अर्ध्या मिनिटाच्या आत. मराठी स्किटमध्ये पहिलं मिनिट हमखास "अरे वा, या या, कधी आलात, चहा घेणार?" यात जातं. ते सरळ कापा. पात्र आत आलं तेच मागणी घेऊन आलं पाहिजे.

मराठीत एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ज्या शब्दावर हसू यायला हवं तो वाक्याच्या पोटात अडकतो. उदाहरण घेऊ. पहिल्या खर्ड्यात लेखक लिहितो:

रहिवासी: आपल्या सोसायटीत लिफ्ट बंद असल्याची नोटीस तुम्ही सातव्या मजल्यावर लावलेली आहे!

यात गंमत आहे, पण हसू येत नाही. "सातव्या मजल्यावर" ऐकून प्रेक्षक हसायच्या बेतात असतो आणि तेवढ्यात "लावलेली आहे" हे दोन शब्द त्याच्या हसण्यावर पडतात. शिवाय सगळी माहिती एकाच माणसानं दिल्यामुळे दुसऱ्याला करायला काही उरलेलं नाही. तेच असं फोडलं तर?

रहिवासी: (धापा टाकत) लिफ्ट बंद आहे.
सेक्रेटरी: नोटीस लावलीये की.
रहिवासी: कुठे?
सेक्रेटरी: सातव्या मजल्यावर.
रहिवासी: अहो, खाली लावायची ना!
सेक्रेटरी: खाली लावली की लोक तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. वर जाऊन वाचली की कोणात बोलायचा दम उरत नाही.

इथे दोन हशे आहेत. पहिला "मजल्यावर"वर, कारण वाक्य तिथेच संपतं. दुसरा सेक्रेटरीच्या तर्कावर, आणि तो जास्त मोलाचा. या माणसाला मूर्ख केलं असतं तर स्किट तिथेच संपलं असतं. त्याच्याकडे पद्धत आहे, त्याला ती योग्य वाटते, म्हणून तिला पुढे ताणता येतं. पाण्याची नोटीस कुठे लावत असेल? वार्षिक सभेची? प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा मोठी हवी, पण तर्क तोच. तीन पायऱ्या पुरे. चौथीला प्रेक्षक लेखकाच्या आधी पोचतो.

आणि शेवट. बहुतेक स्किट्स शेवटाकडे मरतात, आमच्या क्षेत्रात कोणालाही विचारा, मान डोलावेल. लेखकाला मध्येच आठवतं की काहीतरी "मेसेज" द्यायला हवा, मग सेक्रेटरी एकाएकी हळवा होतो, पार्श्वभूमीला बासरी वाजते. स्पर्धांमध्ये त्याला कधीकधी गुण मिळतात, पण बाहेर अशा लेखनाला मागणी नाही. वरच्या स्किटचा शेवट त्याच साहित्यातून निघतो:

सेक्रेटरी: आणि लिफ्ट मंगळवारीच दुरुस्त झाली.
रहिवासी: मग तशी नोटीस?
सेक्रेटरी: लावली की.
रहिवासी: (हळूच) कुठे?
सेक्रेटरी: गच्चीत.

ब्लॅकआऊट. नवीन तर्क शून्य, फक्त आधीचं "कुठे?" परत आलं. सगळ्यात मोठा हशा जिथे येतो तिथेच दिवा विझला पाहिजे. त्याच्यापुढे लिहिलेलं एक वाक्यसुद्धा उतार आहे.

शाब्दिक कोट्या आपल्याला सहज सुचतात, विशेषतः पुण्यात. एका स्किटमध्ये दोन ठेवा, बाकीच्या वहीत राहू द्या. कोटी लेखकाची असते, पात्राची नसते. तिसऱ्या कोटीनंतर प्रेक्षकाला रंगमंचावर सेक्रेटरी दिसेनासा होतो आणि स्वतःवर खूश असलेला लेखक दिसायला लागतो. तसंच पुणेरी पाट्या, दुपारची एक ते चार झोप, मिसळीचं भांडण, पेठ विरुद्ध कोथरूड हे विषय आता इतके चावून झालेत की त्यांत नवीन काही सापडलं तरच हात घाला. तुमच्या स्वतःच्या ऑफिसमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये, पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये ढीगभर माल पडलाय ज्यावर मराठीत फारसं लिहिलेलं नाही. बोलीचंही तेच. जी बोली घरात ऐकली तीच वापरा. वऱ्हाडी किंवा मालवणी हेल काढून मिळणारा हशा स्वस्त असतो आणि नागपूर-कुडाळच्या प्रेक्षकासमोर लगेच उघडा पडतो.

पुनर्लेखनाची पद्धत ठरवून घ्या. संहिता स्वतः वाचू नका, दुसऱ्यांना वाचायला द्या. नट-लेखकाचा इथेच घात होतो. तो स्वतःचं वाक्य इतकं छान वाचतो की वाक्य कच्चं आहे हे कळतच नाही. तीन जणांना तयारीशिवाय वाचायला बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि नंतर कागदावर खुणा करा: मोठ्यानं हसले तिथे दोन रेघा, हुंकार आला तिथे एक, काहीच नाही तिथे शून्य. सलग पाच-सहा वाक्यांवर शून्य आलं की तो तुकडा दुरुस्त करत बसू नका, उडवून बघा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. घरच्यांना वाचून दाखवू नका. आई हसली म्हणजे आई हसली, एवढाच त्याचा अर्थ.

यातच एक नियम, जो पाळायला सगळ्यात जड जातो: पहिल्या प्रयोगात मुख्य विनोदी भूमिका स्वतः घेऊ नका. वरच्या स्किटमध्ये तुमचा जीव सेक्रेटरीत अडकलेला असेल. तो दुसऱ्याला द्या आणि रहिवासी तुम्ही करा. सरळ माणसाच्या, म्हणजे विनोद न करता गंभीरपणे उत्तर देणाऱ्या पात्राच्या जागी उभं राहिलं की कोणत्या वाक्याला हशा आला आणि कोणत्या वाक्याला फक्त नटानं ओढून आणला, हे स्वच्छ ऐकू येतं. शिवाय "कुठे?" हा शब्द कधी येतो त्यावर पुढचा सगळा हशा अवलंबून आहे, म्हणजे टायमिंग रहिवाशाच्या हातात आहे, सेक्रेटरीच्या नाही. चांगला सरळ माणूस करणारे नट कमी असतात आणि त्यांना कामं लवकर मिळतात, हा वरचा फायदा.

अभिनयाच्या बाजूला विनोदासाठी मुख्य तीन गोष्टी घासाव्या लागतात. एक, हशा धरणं. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर प्रेक्षक ऐकण्यासाठी हसणं थांबवतो, आणि एकदा थांबवायला शिकला की पुन्हा मोकळा होत नाही. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर गाडी थंड पडते. तो उतरायला लागला, अर्ध्याच्या खाली आला की बोला, आणि पहिला शब्द जरा वरच्या पट्टीत घ्या. दोन, ऐकणं. विनोदी नट समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच चेहरा तयार करून बसतो, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तीन, जागेचा अंदाज. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारी प्रतिक्रिया शनिवार पेठेतल्या छोट्या सुदर्शन रंगमंचावर केलीत तर पहिल्या रांगेतला माणूस मागे सरकतो. भरत नाट्य मंदिरात वाढलेल्या नटांना कॅमेऱ्यासमोर हीच अडचण येते. आवाज आणि भुवया दोन्ही निम्म्यावर आणाव्या लागतात.

शिक्षण घ्यायचं असेल तर पुण्यात ललित कला केंद्रात नाट्याचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत स्क्रीन अ‍ॅक्टिंगही शिकवतात आणि पटकथालेखनही. नोकरी सोडायची नसेल तर एखाद्या प्रायोगिक संस्थेत घुसणं हा जुना आणि अजूनही चालणारा रस्ता. तिथे पहिल्या वर्षी तुम्हाला बहुधा भूमिका मिळणार नाही. लाइट्सला बसवतील, म्युझिक ऑपरेट करायला लावतील. नाराज होऊ नका. एकच विनोदी नाटक विंगेतून दहा-पंधरा वेळा बघायला मिळालं की त्याच वाक्याला चिंचवडला हशा का येतो आणि सदाशिव पेठेत का येत नाही, हे कोणत्याही वर्गापेक्षा जास्त कळतं.

स्टेज कुठे मिळेल? पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहेत, तुमचं ते वय गेलं. आता तुमच्यासाठी हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे, खुल्या एकांकिका स्पर्धा आहेत, आणि कॅफेंमधले ओपन माइक, जिथे नवख्यालाही नाव नोंदवून काही मिनिटं सादर करता येतं. स्पर्धेसाठी लिहिताना एक सावधगिरी. तिथे परीक्षकांना आवडणारा एक ठरावीक घाट तयार झालेला असतो, आणि त्या घाटात फार वर्षं लिहिलं की हात तसाच वळतो. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकासाठी एकही एकांकिका पात्र ठरवली नव्हती, त्यावरून झालेला वाद आठवत असेल. स्पर्धा वर्षाला एक, फार तर दोन करा.

ओपन माइकला चार ते पाच मिनिटं मिळतात, शेवटचं मिनिट राहिलं की दिवा दाखवतात. दिवा दिसला की उतरायचं. वेळ ओलांडणाऱ्याला आयोजक पुढच्या वेळी बोलवत नाही, मग तो कितीही हसवो. दर वेळी नवीन सेट करायचा मोह होईल, तो टाळा. तीच चार मिनिटं निदान दहा वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी करा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. स्टँडअप तुम्हाला करायचंच असं नाही, पण स्किटमधली वाक्यं तपासायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

वर्षभरात सहा चांगली स्किट्स झाली की पाच-सहा जणांचा गट करून सत्तर मिनिटांचा प्रयोग उभा करता येतो. सुदर्शन, ज्योत्स्ना भोळे सभागृह, श्रीराम लागू रंग-अवकाश, द बॉक्स अशा छोट्या जागा त्यासाठी बऱ्या. शंभर माणसांनी भरलेलं छोटं थिएटर हसतं. शंभर माणसं बालगंधर्वात बसली तर एकमेकांकडे बघतात. नेपथ्य टेबल-खुर्चीपुरतं ठेवा, दोन स्किट्समधला अंधार वीस सेकंदांच्या आत आवरा. तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. हे आठवडाभर आधी आठवून उपयोग नाही, तारीख पक्की होण्याआधीच अर्ज टाका. मध्ये सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर त्यांचीही परवानगी लागते. तेच व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर त्या वीस सेकंदांच्या गाण्यामुळे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतं किंवा व्हिडिओच अडवला जातो.

यूट्यूबचा विषय निघालाच आहे तर: जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. मराठी प्रेक्षकसंख्येवर त्यातून घरभाडं निघणं अवघड. चॅनेलकडे कमाई म्हणून बघू नका, नमुना म्हणून बघा. कास्टिंगवाला (म्हणजे नट निवडणारा) आणि निर्माता दोघांनाही लिंक हवी असते. दोन-तीन मिनिटांची आठ स्केचेस, आवाज स्वच्छ. चित्र थोडं हललेलं लोक सहन करतात, पण फडफडणारा आवाज आला की पुढच्या व्हिडिओवर जातात. तेव्हा पहिले पैसे कॉलर माइकवर घाला, कॅमेऱ्यावर नंतर. पंखा आणि फ्रीज बंद करून शूट करा, आणि नंतर फ्रीज चालू करायला विसरू नका.

ओळख करून देताना दोन वेगळ्या फायली ठेवा. कास्टिंगला फक्त नट पाठवायचा: चार फोटो (समोरून, दोन्ही बाजू, पूर्ण उंची), वय, उंची, येणाऱ्या भाषा, केलेल्या कामाचे तुकडे जोडलेली दोन मिनिटांची रील. निर्मात्याला किंवा प्रमुख लेखकाला फक्त लेखक: तीन स्किट्स पीडीएफमध्ये, प्रत्येकाची सुरुवातीला दोन ओळींत कल्पना. "अभिनेता, लेखक, दिग्दर्शक, कवी, निवेदक" असं एकत्र लिहून पाठवलं की समोरचा समजतो की यातलं अजून काहीच पक्कं नाही. एका बाजूनं आत गेलात की दुसरी बाजू सेटवर आपोआप कळते.

सेल्फ टेपला, म्हणजे घरी रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनला, मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, उजेड समोरून. समोरची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभा करा आणि त्याला हळू बोलायला सांगा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये त्याचंच ऑडिशन होतं. आलेली वाक्यं आहेत तशी बोला. लेखक असल्यामुळे तुम्हाला ती सुधारावीशी वाटतील, आणि कदाचित तुमचं वाक्य चांगलं असेलही. तरी पहिली टेप लिहिल्याबरहुकूम, दुसरी हवी तर स्वतःच्या पद्धतीनं, आणि तसं सांगून. सेटवरही हेच. दुसऱ्याच्या संहितेत सूचना करायची तर दिग्दर्शकाला, बाजूला घेऊन, एकदाच. सहनटाला त्याचं वाक्य कसं हवं हे सांगायला गेलात तर लेखक म्हणूनही परत बोलावणं येणार नाही.

मुंबईचं गणित दोन कामांसाठी वेगळं आहे. मालिकेत नट असाल तर ठाणे, मीरा रोड किंवा गोरेगावच्या बाजूला राहावंच लागतं; मुख्य भूमिकेला महिन्याचे वीस-पंचवीस दिवस आणि बारा तासांची शिफ्ट. पुण्याहून ये-जा करून ते निभत नाही. लेखनाचं तसं नाही. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसं लिहितात. संवादलेखकाकडे पटकथा येते आणि ठरलेल्या वेळेत भाग लिहून पाठवायचा असतो, तो कोथरूडच्या खोलीतूनही जातो. विनोदी कार्यक्रमाच्या स्किट लेखकाला मात्र वाचनाला आणि तालमीला हजर असावं लागतं, कारण निम्मं स्किट तिथे बदलतं. त्यामुळे सुरुवातीची दोनेक वर्षं पुण्यात राहून लिहिणं, ऑडिशनला सकाळच्या डेक्कन क्वीननं किंवा शिवनेरीनं जाऊन रात्री परतणं, हे शहाणपणाचं. एक ऑडिशन असेल तर टेप पाठवता का विचारा. त्याच दिवशी दोन-तीन भेटी लागत असतील तरच जा. सलग सहा महिन्यांचं काम हातात आल्याशिवाय मुंबईत डिपॉझिट भरू नका.

पैशांचं बोलू. टीव्हीवर लेखकाला भागाप्रमाणे आणि नटाला दिवसाप्रमाणे मिळतं, आणि दोघांनाही ते काम झाल्यावर लगेच मिळत नाही. ९० दिवसांनी ही सर्वसाधारण रीत आहे. म्हणजे जानेवारीत केलेलं काम एप्रिलमध्ये दिसतं. नोकरी सोडण्याआधी किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि लेखनातून सलग सहा महिने घरभाडं व किराणा निघेल इतकी आवक, या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्यात. अभिनयाचे पैसे या हिशोबात धरू नका, ते आले तर वरचे.

व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो (एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेलं की). तो प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते दर तिमाहीला बघा, कापून न भरणारे असतात. दोन्ही कामांची मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते.

लेखनाच्या कराराशिवाय काम सुरू करू नका, निदान ई-मेलवर पाच गोष्टी लिहून घ्या: किती भाग किंवा किती मिनिटं, एकूण रक्कम आणि टप्पे, किती वेळा पुनर्लेखन, श्रेयनामावलीत नाव कसं आणि कुठे, आणि काम मध्येच थांबलं तर किती द्यायचे. पुनर्लेखनाला आकडा नसेल तर त्याला अंत नसतो. मूळ खर्डा आणि दोन फेऱ्या हे रास्त, तिसऱ्या फेरीपासून वेगळे पैसे. सही करताना एक चतुर्थांश आगाऊ मागायला लाजू नका. आगाऊ द्यायला जो खळखळ करतो तो नंतर देताना जास्त करतो.

हक्कांबद्दल थोडं नीट समजून घ्या. कॉपीराइट लिहिल्याक्षणी लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर तारखेचा पुरावा लागतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद झालं की संहिता ऑनलाइन नोंदवता येते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. "लिफ्टच्या नोटिशीवर स्किट" ही कल्पना कोणीही वापरू शकतो, तुम्ही लिहिलेले संवाद नाही. म्हणून भेटीत कल्पना तोंडी सांगून येऊ नका, लिहून नोंदवलेलं स्किट दाखवा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणूनच समोरून येणाऱ्या करारात "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" हे शब्द असतात. ते वाचून मग रक्कम ठरवा. स्वतःच्या स्किटचे रंगमंचाचे हक्क स्वतःकडे राहतात का, हे जरूर विचारा. अनेकदा नुसतं विचारल्यावरच ते मिळतात, कारण चॅनेलला त्यांचं काही करायचं नसतं.

नट-लेखकासाठी खास: दोन कामांचे दोन करार आणि दोन रकमा. "तूच लिहितोयस, तूच करतोयस, मग एकत्रच बघू" असं निर्माता म्हणाला की लेखनाचे पैसे अभिनयात विरघळतात. आणि तुम्हाला भूमिकेतून काढलं तरी लेखनाचं मानधन आणि श्रेय कायम राहील, हे एक वाक्य त्यात हवं.

आत्ताच्या नोकरीचं नेमणूक पत्रही काढून वाचा. आयटीमधल्या अनेक पत्रांत बाहेर कमाई करायला बंदी असते, आणि काहींत नोकरीच्या काळात तयार केलेल्या कोणत्याही कृतीवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम असतं. ते बहुतेकदा सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं, पण शब्द मोघम असतील तर एचआरकडून ई-मेलवर लेखी परवानगी घ्या, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका.

शूटिंगची तारीख आणि संहितेची मुदत एकाच दिवशी येणार, ती येतेच. नटाची तारीख हलत नाही, कारण तिथे तीसएक माणसं आणि भाड्यानं घेतलेली जागा अडकलेली असते. लेखनाची मुदत एखाद्या दिवसानं हलू शकते, पण आधी कळवलं तरच. तारीख मिळाली त्याच संध्याकाळी प्रमुख लेखकाला फोन करा आणि शूटिंगला जायच्या आदल्या रात्री निदान पहिला खर्डा त्याच्याकडे पोचवा. मेकअपच्या खुर्चीत बसून लिहू असं ठरवू नका. तिथे फोन, गप्पा आणि पहिल्या शॉटची हाक यांतून कागदावर काही उतरत नाही.